परेडच्या आदल्या दिवशीची अँटेना

आत्या,

काल घरी वायफायचा माणूस आला होता. त्यानं ते दिवे लुकलुकणारं खोकं सरळ टीव्हीशेजारी ठेवलं आणि मी पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून पळत येऊन ते उचललं. म्हटलं, इथं नाही, पलीकडच्या खोलीत बसव. तो हसला, म्हणाला, काकू, आता त्यानं काही होत नाही. होवो न होवो, माझ्या देखत टीव्हीजवळ असलं काही बसणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, असल्याच एका खोक्यानं ह्या घरातल्या सासू-सुनेला, तुम्हाला नि मला, गच्चीवर कसं नाचवलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कालपासून तुम्ही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सांगलीहून लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा तुमचं आणि धाकट्या भावजींचं बोलणं बंद होतं. मामंजी फौजेत असतानाच गेले, म्हणून धाकट्यानं तरी फौजेचं नाव काढू नये, एवढंच तुमचं म्हणणं. आणि ते तुम्हाला न सांगता भरतीला जाऊन उभे राहिले. त्यांचा फोन आला की तुम्ही मुद्दाम न्हाणीत जायचात आणि बादली जोरात आपटायचात, म्हणजे तुम्ही घरात आहात हे त्यांना कळावं. मला हसू यायचं आणि रागही यायचा. मग त्यांनी गावाकडं येणाऱ्या एका जवानाच्या हाती कॉर्डलेस फोन पाठवला. आईला चुलीपाशी बसूनही बोलता येईल, असा निरोप होता. तुम्ही त्याला बोटसुद्धा लावलं नाही. ह्यांनी तो टीव्हीवर, मी विणलेल्या रुमालावर ऐटीत मांडला आणि हे पुन्हा शिरवळला कामावर गेले. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यावर माझ्या आईशी बोलत होते, तर टीव्हीवर नुसत्या रेघा. तुम्ही म्हणालात, माकडांनी अँटेना फिरवली. मी गच्चीवर गेले आणि जागची चांगली अँटेना फिरवून आले. तिथून सगळं बिनसलं.

त्याच दिवसांत कळलं, भावजी दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये आहेत. तुम्ही लसूण सोलत होतात. ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. पाटीतला लसूण संपला, टरफलं गोळा झाली, मग मान वर न करता विचारलंत, "आपला टीव्ही नीट दिसतोय का गं?"

दिसत नव्हता. शेजारी जाऊन बघू म्हटलं, तर तुमचा पारा चढला. लोकाच्या घरात बसून माझं पोरगं बघू व्हय, म्हणालात. मेकॅनिकला सांगून आलो, तो आज येतो उद्या येतो करत राहिला. शेवटी आपण दोघींनीच पदर खोचले. मी गच्चीवर लोखंडी पाइप धरून उभी, तुम्ही खाली टीव्हीपुढं. "आलं", "गेलं", "आता मुंग्या आल्या" असं तुम्ही ओरडायचात, पण जिन्याच्या वळणात आवाज विरून जायचा. मग मला मोठी अक्कल सुचली. त्या कॉर्डलेसच्या खालच्या खोक्याला एक बटण होतं. ते दाबून बोललं की वर हातातल्या फोनवर ऐकू यायचं. भावजींचा फोन म्हणून तुम्ही जरा घुटमळलात, पण अँटेनासाठी म्हणून बटण दाबलंत.

आणि मग काय विचारता! रोज दुपारी मी पाइप फिरवतेय, तुमचा आवाज कानात येतोय, "गेलं. गेलं. न्हाई, गेलं." अख्ख्या आळीच्या अँटेना एका दिशेला तोंड करून उभ्या, आपली एकटी भलतीकडं रुसून बसलेली. तिला इतरांसारखी केली तरी तुम्ही म्हणणार, गेलं. माझे खांदे भरून आले. परेडच्या आदल्या दिवशी मी पाइप सोडून खालीच बसले, म्हटलं, आता माझ्यानं होत नाही. तेवढ्यात जिन्यात धाप ऐकू आली. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर गच्चीवर न आलेल्या तुम्ही कठड्याला धरून वर आलात.

"मी बोललं की जातंय गं," तुम्ही म्हणालात. "गप बसलं की येतंय."

मला आधी कळेना. तुम्ही परत खाली गेलात, बटण न दाबता नुसत्या बघत राहिलात, मग दाबलंत, मग सोडलंत, आणि ते खोकंच चित्र घालवतंय अशी खात्री झाल्यावर त्याची पिन भिंतीतून उपटून काढलीत. मी फोन बाजूला ठेवला आणि अँटेना शेजाऱ्यांच्या दिशेला लावली. तुम्ही अंगणात येऊन, मान वर करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलात, "आलं! आता हात लावू नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून टीव्हीपुढं बसला आहात. चित्र स्वच्छ आहे, एक रेघ नाही. भावजींची तुकडी येते. सगळ्यांचे फेटे एकसारखे, मिशा एकसारख्या, पाऊल एकसारखं. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकता, काचेला नाक लागेल इतक्या. आणि तुकडी गेली. पुढं हत्ती आले, शाळेतली मुलं आली, तुम्ही तशाच वाकलेल्या. मग म्हणालात, त्या फोनची पिन लाव आता.

संध्याकाळी घंटी वाजली. मी चहा घेऊन दारात होते. तुम्ही स्वतः उठून तो फोन उचललात, उलटा धरलात, सुलटा केलात. म्हणालात, "दिसलास रं. लय ताठ चालत हुतास." मग तुम्ही जेवलास का विचारलंत, थंडी हाय का विचारलंत आणि रडलात. खूप बोललात. त्या वेळी टीव्हीवर रेघाच रेघा होत्या आणि तिकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.

फोन ठेवल्यावर तुम्ही माझा हात धरलात आणि हळूच विचारलंत, "त्यातला कुठला हुता गं आपला?" मी म्हटलं, पुढच्या रांगेतला, अगदी कडेचा. तुमचा चेहरा उजळला. मला पण तसंच वाटलं हुतं, म्हणालात.

भावजी आता निवृत्त होऊन इथंच साताऱ्यात असतात. आईनं मला टीव्हीवर बघितलं हुतं, असं अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि वहिनीला विचारा म्हणतात. मी हो म्हणते, आणि शेवटपर्यंत म्हणत राहणार आहे. म्हणून हा कागद घरात ठेवायचा नाही, उद्या बंबात घालणार. पण तुम्हाला सांगते, आत्या. मलाही ते दिसले नव्हते. मी सगळा वेळ तुमच्याकडंच बघत होते.