सोनाबाईंचा स्कॅन

मंगळवार, संध्याकाळ. कुडवा.

आजचाही स्कॅन वाया गेला. डोकं भणभणतंय.

चेहऱ्याच्या नसेचं जुनं दुखणं असलेल्यांच्या मेंदूत सूज असते का, एवढंच आम्हाला शोधायचंय. त्यासाठी स्कॅनआधी दुखण्याची गोळी बंद ठेवावी लागते. दरेकशाच्या सोनाबाईंनी ती कालपासून बंद ठेवली होती. दाताचं दुखणं समजून आधीच कुणी त्यांच्या दाढा उपटल्यात.

पंख्याचा वारा गालाला लागला आणि त्या किंचाळल्या. पंखा बंद केला, तरी गालावरचा हात निघेना.

"सकाळपासून बोलून नाही रायली जी," नवरा म्हणाला. "आमाले काय भेटनार हाय यातून?"

"आत्ता काहीच नाही," मी म्हणाले. खोटं कसं सांगू?

सोनाबाईंनी खुणेनं सांगितलं, मशीनवर घ्या. त्या तयार होत्या! मीच गोळी दिली, म्हणजे आजचा स्कॅन रद्द.

नागपूरहून आमच्या अभ्यासाच्या प्रमुख सरांचा फोन. "तासभर थांबता आलं नसतं?"

आलं असतं का? तो पंख्याचा वारा, साधा वारा... चिडू तरी कुणावर?

निघताना त्या हळूच बोलल्या, "पुन्हा येतो जी. मले पाहाचं हाय, डोक्यात काय हाय त."

गोळी पुन्हा बंद ठेवावी लागेल, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.