अकरावी पायरी

५ मे, सोमवार

उन्हाळी सुट्टी लागून आठवडा झाला तरी वहीकडे बघितलं नव्हतं. आज काढली. शब्दपेटीचं, म्हणजे शाळांसाठीच्या माझ्या बोलत्या चित्रांच्या प्रोग्रामचं, पॅकेज बांधायच्या एकोणीस पायऱ्या. चार वर्षांत माझ्याच हातानं लिहिलेल्या, खोडलेल्या, बाण मारून वरखाली नेलेल्या. आठवी पायरी काय आहे ते मलाच वाचता येईना!

गेल्या जूनची फजिती विसरणं शक्य नाही. सगळं केलं, फक्त आवृत्तीचा आकडा वाढवायचा राहिला. शाळांमधल्या लिनक्सच्या मशीनींनी पॅकेज बघितलं, आकडा जुनाच दिसला, म्हणून घेतलंच नाही. मी मात्र "नवीन शब्द आले" असं सगळ्या शाळांना कळवून मोकळी. पंधरा दिवसांनी श्रीलताचा फोन. ती नेरडीगोंड्याला तेलुगू शिकवते, शब्दपेटीतला तेलुगू आवाज तिचाच. मराठी शाळेतल्या लेकरानं चित्रावर बोट ठेवलं की आधी मराठी शब्द ऐकू येतो, मग तिच्या आवाजात तेलुगू. म्हणाली, "अक्का, हर साल उन्नीस काम हाथ से काय को करते? मशीन को बोल दो ना."

बोलते आता. यंदा सगळं एका स्क्रिप्टमध्ये. एक आज्ञा दिली की एकोणीसच्या एकोणीस आपोआप. शाळा उघडायच्या आत.

७ मे, बुधवार

पाच पायऱ्या झाल्या. आकडा आता स्क्रिप्टच वाढवते. मी विसरले तरी ती विसरणार नाही. दुपारी दोन ते चार लाइट नव्हती. आईनं कैरीचं पन्हं दिलं, लॅपटॉप तापलेला, मीही.

८ मे, गुरुवार

आज एका कोऱ्या लिनक्सवर बांधून बघितलं, म्हणजे ज्यावर माझं काहीच नाही असं. तिसऱ्या पायरीलाच आपटलं. आवाजाच्या फायली बारीक करणारा एक प्रोग्राम लागतो, तो माझ्या लॅपटॉपवर कधीचा आहे. आहेच म्हणून वहीत लिहिलाच नाही. दुसऱ्या कुणी वही बघून बांधायचं म्हटलं असतं तर डोकं आपटत बसलं असतं. घरात असलेल्या गोष्टी आपण धरूनच चालतो, त्यांची यादी कोण करतं? रात्री जेवताना बाबांना हे सांगत होते. "हाव, हाव" म्हणाले.

९ मे, शुक्रवार

अकरावी पायरी. वहीत दोनच शब्द: "बाबांनी ऐकणे."

ही स्क्रिप्टमध्ये कशी घालायची? बाबा मराठी माध्यमाचे हेडमास्तर होते, शब्दपेटीतला मराठी आवाज त्यांचा. पॅकेज बाहेर पडायच्या आधी दरवर्षी तीन दिवस रोज सकाळी ओसरीवर बसतात, कानाला इअरफोन, समोर चित्रं. एकेक शब्द ऐकायचा आणि रजिस्टरात लाल पेनानं बरोबरची खूण. खाली सही. पहिल्या वर्षी एका शब्दामागे कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं म्हणून आख्खं पान परत पाठवलं होतं त्यांनी. त्यांच्या सहीशिवाय मी एकदाही पॅकेज सोडलेलं नाही.

सध्या असं केलंय: दहा पायऱ्या झाल्या की स्क्रिप्ट थांबते, बाबांनी ऐकलं का विचारते, आणि 'हो' येईपर्यंत पुढं जात नाही. बाबांना स्क्रीनवर दाखवलं.

"म्हंजे तुहं मशीन माही वाट पायते?"

दिवसभर खुशीत होते. आईला दोनदा सांगितलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात. बाबा चांगलं बोलले, लांबलं थोडं. मागून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, खीर कवा?" तर बाबांनी पंचशीलावर पाच मिनिटं उत्तर दिलं. सगळे हसले, मीही हसले.

दुपारी दहावी पायरी पक्की केली. बाबांना ऐकायचा त्रास कमी व्हावा म्हणून मशीननं आधी बघायचं, फाइल आहे का, तिच्यात आवाज आहे का. गेल्या वर्षीच्या पॅकेजवर चालवून बघितलं. नऊ शब्दांवर बोंब: आवाज नाही. काहीतरी माझंच चुकलंय. उद्या.

१३ मे, मंगळवार

माझं चुकलं नव्हतं. म्हणजे चुकलं होतं, पण गेल्या वर्षी.

मुंगी, ससा, छत्री, वासरू, कंगवा, कुलूप आणि आणखी तीन. मराठी आहे, तेलुगू नाही. श्रीलतानं पाठवलेल्या मूळ फायलींत आवाज स्वच्छ आहे. मी हातानं बारीक करताना घालवला. म्हणजे वर्षभर लेकरं मुंगीवर बोट ठेवून बसली आणि काही आलं नाही. मास्तर लोकांना वाटलं असेल स्पीकर जुना. नार्नूरच्या सरांनी तर माझ्याकडं मशीन बदलून मागितली होती! फायली नीट करायला वीस मिनिटं लागली.

मग रजिस्टर काढलं. नऊच्या नऊ शब्दांपुढं लाल खूण, खाली बाबांची सही.

१४ मे, बुधवार

बाबा आणि कामचुकारपणा, हे मनात बसतच नाही. मग दुसरं काय ते दिवसभर मनात येत राहिलं. फोन हल्ली आईच उचलते. माझ्या प्रत्येक बोलण्याला "हाव". विहारातलं ते उत्तर.

१६ मे, शुक्रवार

आज मी एक वाईट काम केलं. इथं तरी लिहिते.

कंगव्याच्या चित्राला कुलपाचा तेलुगू आवाज जोडला आणि बाबांना म्हटलं, हे एक पान ऐकून द्या. दुव्वेनाच्या जागी ताळम. तेलुगू येणारं कुणीही दचकलं असतं, आणि बाबांना तेलुगू माझ्यापेक्षा चांगली येते. त्यांनी इअरफोन नीट बसवला, मान किंचित वाकडी केली, डोळे मिटून ऐकलं. खूण केली.

"श्रीलताचा उच्चार लय सुधारला," म्हणाले.

मी आत गेले. राग आला त्यांचा, नऊ शब्दांचा. मग रडू आलं. मग स्वतःची लाज वाटली, ती अजून जात नाही.

१७ मे, शनिवार

आई ज्वारी निवडत होती. सरळ विचारलं.

"दोन वर्सं झाले. उजवा कान तं गेलाच. डाव्यानं जवळून बोललं तं येते."

"मग मले काऊन नाई सांगतलं?"

"त्याहीनं मना केलं. पोरगी ते काम काढून घेईन म्हने. रिटायर झाल्यापासून तेवढं एकच तं काम हाय त्याहिले, ज्याच्याबिगर कोनाचं तरी अडते."

आदिलाबादला कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणून आई दोनदा मागं लागली, दोन्ही वेळा घरात दोन दिवस अबोला. मी एवढी हुशार, एकाच घरात राहते, आणि मला ते एका स्क्रिप्टनं सांगावं लागलं.

१९ मे, सोमवार

तोडगा काढलाय. दहाव्या पायरीत मशीन आवाज तपासेल. शब्द चुकीचा आहे का हे श्रीलता तिकडं तिच्या घरी ऐकेल. म्हणजे अकराव्या पायरीला काही चुकायचं उरणारच नाही. ती तशीच राहू द्यायची. बाबा बसतील, खुणा करतील, सही करतील. कुणाचं काय जातं?

श्रीलताला फोनवर सांगितलं.

"गुरुजी को मालूम पड़ा तो? अक्का, मेरे को कोई ऐसा काम दिया तो मेरे को अच्छा नहीं लगेगा."

तिला नाही कळत म्हणून फोन ठेवला. तिला कळतंय.

२२ मे, गुरुवार

बाबांना कळलं.

मी दुकानात गेले होते. बाबा रजिस्टर शोधत होते, आणि रजिस्टर नि माझी वही एकाच पिशवीत असतात. दहाव्या पायरीच्या पानावर मी त्या नऊ शब्दांची यादी छापून, वर 'गेल्या वर्षीचं पॅकेज' असं लिहून, डकवून ठेवली होती. मशीनचे सगळे निरोप मी मराठीत लिहिले आहेत, मोठी हौस. "आवाज नाही: मुंगी. आवाज नाही: ससा." वाचायला त्यांना काय अडचण?

परत आले तर ओसरीवर बसलेले. पुढ्यात रजिस्टर. नऊही खुणांवर एकेक आडवी रेघ, आणि प्रत्येकीपुढं लिहिलेलं: "न ऐकता खूण केली." त्याखाली सही आणि आजची तारीख. त्यांच्या शाळेत खोडरबराला बंदी होती. चुकलं तर खाली दिसेल अशी एक रेघ मारायची आणि शेजारी खरं लिहायचं. पोरांना तीस वर्षं तेच शिकवलं, आज स्वतःच्या रजिस्टरात नऊ वेळा केलं.

"वर्सभर पोराईनं मुंगीवर बोट ठेवलं, काई आलं नाई. अन् खाली माही सही."

मी म्हटलं, चूक माझी, आवाज मी घालवला.

"तुही चूक तुह्या वहीत लिही. हे माहं हाय."

मग कंगव्याचं पण सांगून टाकलं. मोठ्यानं सांगावं लागलं. आई आतून बाहेर आली. बाबांनी रजिस्टर मिटलं.

"तपासनाऱ्याचीबी तपासनी पायजे. पन सांगून कराची होती, बाई."

रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पायऱ्यातून माहं नाव काढ."

२५ मे, रविवार

बाबा तीन दिवस झाले ओसरीवर बसत नाहीत. आतल्या खोलीत पेपर वाचतात. जेवायला बोलावलं तर आईनं खांद्याला हात लावावा लागतो. आता लपवायचं उरलं नाही म्हणून ऐकू आल्याचं सोंगही नाही. ते सोंग किती मेहनतीचं होतं ते आता कळतंय.

स्क्रिप्ट पूर्ण झाली. अठरा पायऱ्या चार मिनिटांत होतात. पूर्वी दोन दिवस जायचे. आनंद व्हायला हवा होता.

२८ मे, बुधवार

म्हटलं, बाबा, चित्रं आणि शब्दांचं लेखन तुम्ही तपासा, ते तर डोळ्यांचं काम आहे. कागदावर लिहून दिलं. वाचलं, चष्मा काढला.

"तुले दया येऊन राह्यली. दयेचं काम मले नाई जमत."

दया नाही, बाबा. गेल्या वर्षी सशाच्या तेलुगू 'कुंदेलु'त चुकून पडलेला दीर्घ उकार मला दिसला नव्हता, तो तुम्हीच काढला होता. हे त्याच वेळी सुचलं नाही, आता सुचतंय. उद्या हेही लिहून देते.

२९ मे, गुरुवार

लिहून दिलं. कागद खिशात ठेवला.

३१ मे, शनिवार

श्रीलतानं सगळे शब्द ऐकले. एक बदलला, बाकी ठीक. बाजारहत्नूरच्या शाळेतून विचारणा आली, नवीन पॅकेज कधी. बुधवारी म्हणून सांगितलं.

स्क्रिप्टमधली अकरावी पायरी काढायला फाइल उघडली. तीन ओळी आहेत फक्त. त्या पुसून, चालवून, तपासून बघायला दोन मिनिटं पुरली असती. बंद केली.

का काढली नाही? बाबांसाठी म्हणावं तर ते स्वतःच काढ म्हणतात. मला वाटतं, माझ्यासाठी. त्यांची सही असली की पॅकेज सोडल्यावर मी परत उघडून बघत नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं तेव्हाही बघितलं नाही. वेडेपणा आहे, पण आहे.

४ जून, बुधवार

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आई पण, पिशवी घेऊन. कुठं ते सांगितलं नाही, आईनंच डोळ्यांनी कानाकडं खुणावलं. आदिलाबादच्या बसला जायला ऑटो आला. मी येते म्हटलं तर बाबांनी हातानंच नको म्हटलं. फाटकातून मागं वळून मोठ्यानं बोलले, हल्ली मोठ्यानंच बोलतात:

"पॅकेज आज सोडून दे. माह्यासाठी थांबवू नको."

साडेदहाला आज्ञा दिली. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या सरळ. दहावीत एकही बोंब नाही. मग अकरावीवर थांबली. मी 'हो' लिहिलं नाही. 'नाही' पण लिहिलं नाही. उठून भात टाकला. श्रीलताचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर तसाच थांबलेला.

दीडला आईचा फोन. दवाखान्यात बसलेत, नंबर यायचाय. मागून बाबांचा आवाज, पलीकडच्या खोलीतही गेला असेल इतका मोठा: "तिले इचार, सोडलं काय?"

मी म्हटलं, नाही सोडलं.

"नाई सोडलं म्हनते!" आई त्यांच्या डाव्या बाजूला ओरडली. मग पुन्हा, आणखी मोठ्यानं, "नाई सोडलं!"

फोनमधून पंख्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं.

"काय म्हणाले गं?"

"तुहा तो कागद खिशातून काढून पाह्यला. नंबर आला. आत गेले."