मिरवायची शेगडी नको, दादा

“शेगडी खोलीच्या मापाची घ्यावी, मिरवायच्या मापाची नाही,” असं आई बजावायची. आणि अल्बनदादा, बैठक उबदार ठेवायला काल दुकानात तू नेमकी मिरवायचीच पसंत केलीस! राजवाड्यात शोभेल ती. तिच्यावर कमी धुराचा शिक्का आहे, नगरपालिका काही बोलणार नाही, हे मान्य. पण आपल्या एवढ्याशा बैठकीत तासाभरात घामाघूम होऊन आच कमी करायला तू तिची हवा कोंडशील, लाकूड धुमसत राहील आणि सगळा धूर शेजारच्या ऑल्डरशॉबाईंच्या खिडकीत जाईल. आधीच त्यांना धाप लागते. या हिवाळ्यात आमचा धूर तुमच्याकडे फिरकणार नाही, असा शब्द मी त्यांना दिलाय. तिथलीच छोटी शेगडी हवा न कोंडता मोकळी जळते, म्हणून धूर करत नाही. “खेळण्यातली वाटते,” म्हणालास ना? मग खेळ तिच्याशी, फक्त ओली लाकडं घालू नकोस.

आज शुक्रवार, उपासाचा, मला मांस वर्ज्य. तुलाही वाटाण्याचं सूपच आहे. कुरकुरू नकोस.

सकाळची जपमाळ झाली. ती मोठी शेगडी आपल्याकडे यायला दुकानाच्या गाडीत चढायच्या आत दुकान गाठायला हवं. तिथे मी आवाज चढवणार नाही, तू ओळखतोसच मला. पण छोटी ठरवल्याशिवाय दुकानातून हलणारही नाही. येते.

— विनिफ्रेड