यंदा मी लोणीला न आल्याचे परिणाम

बिबवेवाडी, पुणे
४ जून

तीर्थस्वरूप सरूताईस,

धाकट्या दिगंबरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तूर्त कागदावरच. गुडघ्याने परवानगी दिली की प्रत्यक्ष घालीन.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? चौकशी मनापासून करतो आहे, पण उत्तरं सवडीने दिलीस तरी चालेल, कारण इकडे माझ्यावर जो प्रसंग गुदरला आहे तो वाचून तू मटकन खाली बसशील. आधीच बसून घे. आणि हे पत्र संस्कृतीकडून वाचून घेऊ नकोस. तुझी नात गुणाची आहे, पण तिने वाचलं की संध्याकाळच्या आत सगळ्या लोणी काळभोरला पाठ होईल. स्वतः चष्मा लावून, दार लोटून वाच. फोनच करणार होतो, पण आमच्या दोन खोल्यांत मी फोनवर बोललो की राधाला सगळं ऐकू जातं, आणि बोलायचं आहे ते राधाबद्दलच.

तुला ठाऊकच आहे, दर वैशाखात पंधरा दिवस मी तुझ्याकडे असतो. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा रजा काढून यायचो. केयूर लहान होता तोवर त्यालाही आणायचो. आता तो बंगळुरात, मी निवृत्त, तरी माझा नेम चुकला नव्हता. यंदा चुकवला. का चुकवला? तर यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, आणि माझ्या मनाने घेतलं की ही बिचारी इतके उन्हाळे पंधरा-पंधरा दिवस एकटी काढते आहे, भिंतींशी बोलत असेल. म्हणून एप्रिलमध्येच जेवता जेवता जाहीर केलं की यंदा मी लोणीला जाणार नाही, तुझ्याजवळ राहणार. ताई, तिचा घास हातातच राहिला गं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मनात म्हटलं, बाईमाणूस, एवढा आनंद सोसवला नाही. (नंतर वाटलं, भाजीतली मिरची लागली असेल. आता वाटतं, देवा, मिरचीच असती तर किती बरं झालं असतं.)

आता मूळ प्रसंग. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर तेजस्विनी म्हणून एक मुलगी राहते. आयटीत आहे, काम घरूनच करते, त्यामुळे दुसऱ्यांना कामाला लावायला तिला भरपूर वेळ असतो. तिने काढलं की उन्हाळा संपता संपता गच्चीवर सगळ्यांनी जमायचं. प्रत्येकाने या उन्हाळ्यातली आपली आवडती, बारीकसारीक सुखं तिला मोबाईलवर लिहून पाठवायची, नाव न घालता. ती त्यांच्या चिठ्ठ्या छापून आणणार, एकाने त्या वाचायच्या, बाकीच्यांनी ओळखायचं की हे कुणाचं. वाचायला कोण? अर्थात मी. (तसं कुणी सुचवलं नव्हतं. पण माइक चालतो का ते बघायला मी हातात घेतला, आणि तो परत मागायचा धीर कुणाला झाला नाही.)

माझी चिठ्ठी दीड पान भरली होती. वाळा टाकलेलं माठातलं पाणी. कैरीच्या फोडीला तिखटमीठ. दुपारी जेवून फरशीवर ओला पंचा टाकून ताणून देणं. बरोबर चार वाजता उशाशी चहा. रविवारी आमरस, वर तुपाची धार. संध्याकाळी बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला 'कुठं निघालात?' म्हणून विचारणं. (लोकांना हे आवडतं. हल्ली बरेच जण मागच्या गेटने जातात, तो भाग वेगळा.) माझी चिठ्ठी तर अर्ध्यातच लोकांनी ओळखली. पहिल्या ओळीला, खरं म्हणजे.

आठ चिठ्ठ्या मजेत झाल्या. कुणाला पन्हं आवडतं, कुणाला गार फरशी, एका आईला 'शाळा पंधरा तारखेला सुरू होणार ही बातमी' आवडते. नववी चिठ्ठी उघडली आणि वाचली, 'नवरा पंधरा दिवस गावी जातो, ते पंधरा दिवस.' गच्ची खो खो हसली. ताई, तुझा भाऊ माइकवर आला की कसा सुटतो ते तू केयूरच्या मुंजीत पाहिलंच आहेस. मी म्हटलं, कोण हा भाग्यवान? ज्याच्या जाण्याने घरात दिवाळी होते, त्याने परत यायचे कष्ट तरी कशाला घ्यावेत? टाळ्या! पुढची ओळ : 'दहीभात पातेल्यातूनच खाणे, उभ्या उभ्या.' त्यापुढची : 'पलंगावर तिरकं झोपणे.' मग : 'पेपर आधी मला मिळणे, आणि कुणी तो मोठ्यांदा वाचून न दाखवणे.' मग : 'आंबा खाताना तो कुठल्या झाडाचा, ते झाड कुणी लावलं आणि पूर्वीचे आंबे कसे असायचे हे ऐकावं न लागणे.' मी म्हटलं, अहो, हा नवरा आहे की रेडिओ? आणि असल्या माणसाला गावाला कसले धाडता, त्या गावाने काय घोडं मारलंय? (ताई, माफ कर. तेव्हा मला माहीत नव्हतं की ते गाव तुझं आहे.)

लोक इतके हसत होते की तेजस्विनी खुर्चीवरून घसरली. मला वाटलं, आज आपण रंगात आहोत. ओळखायची वेळ आली तेव्हा मी थेट तिसऱ्या मजल्यावरच्या साईनाथरावांकडे बोट दाखवलं, कारण तेही बोलायला लागले की थांबत नाहीत. साईनाथराव शांतपणे म्हणाले, "आमचं गाव हेच. बिबवेवाडी. मी जायचं कुठं?" तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. खाली ओळ होती, 'यंदा मात्र ते गेलेच नाहीत.' मी म्हटलं, वा, त्यागमूर्ती! अगं, हातात माइक असला की माणसाला स्वतःचंसुद्धा ऐकू येत नाही. शेवटची ओळ होती, 'ते गेले की पाणी प्यायल्यावर कुणी आहाहा, जिवाला गार वाटलं, असं ओरडत नाही.' ती वाचली, बोलून बोलून घसा कोरडा पडला होता, समोर तांब्या होता, घटाघट प्यायलो, आणि माइकवर, चाळीस वर्षांच्या सवयीने, सबंध सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणालो, "आहाहा! जिवाला गार वाटलं!"

मग जो काही हशा झाला तो तुला लोणीपर्यंत कसा ऐकू आला नाही याचंच नवल वाटतं. माझ्या पायाखालची गच्ची सरकली. तिसऱ्या रांगेत राधा बसली होती, पदराला नसलेली सुरकुती सारखी करत. मी तिच्याकडे पाहिलं, तिने वर आभाळाकडे पाहिलं. कुणीतरी मला बसायला खुर्ची दिली. साईनाथरावांनी माझ्या हातून माइक काढून घेतला आणि उरलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. बऱ्या वाचल्या म्हणतात, मला काही आठवत नाही.

घरी आलो तर हिने मुकाट्याने पान वाढलं. आमरस, वर तुपाची धार. मी म्हटलं, राधा, ती चिठ्ठी तुझी? तर म्हणते कशी, "नाव घालायचं नव्हतं ना? मग विचारता कशाला?" मी म्हटलं, असं जगासमोर लिहायचं? तेव्हा वाटी खाली ठेवून म्हणाली, "अहो, त्या पोरीने विचारलं, तुमचं आवडतं काय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मग लिहिलं." एवढं बोलून पोळी आणायला गेली. ताई, मला तोंडात मारल्यासारखं झालं. भांडली असती तर मी भांडलो असतो, त्यात मी कमी नाही. पण खरंच, मी कधी विचारलं नव्हतं. तिला कैरी आवडते की नाही हेसुद्धा मला सांगता येणार नाही. ती माझ्यासाठी फोडी करते, तेव्हा एखादी तोंडात टाकते की नाही, मी बघितलेलंच नाही.

त्याला आज तीन दिवस झाले आणि माझा धक्का काही ओसरत नाही. रोज दुपारी पडल्या पडल्या दोन्ही चिठ्ठ्या ताडून बघतो. माझ्या यादीतल्या एकेका सुखाला राधा लागते : माठ ती भरते, फोडी ती करते, चहा ती आणते. तिच्या यादीतल्या एकेका सुखाला मी नसावा लागतो. मी सुधारायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पेपर तिच्या हातात दिला आणि समोर बसून राहिलो. (चार वेळा तिने वर पाहिलं, शेवटी म्हणाली, "घ्या बाई एकदाचा!") आंब्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पाणी प्यायलो आणि 'आहाहा' गिळलं, तर अशी उचकी लागली की अर्धा तास थांबेना. आज सकाळी तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "बरं वाटत नाही का? एवढे गप्प?" आता मी बोललो तरी पंचाईत, नाही बोललो तरी पंचाईत. हसू नकोस. मला खरंच फार वाईट वाटतं आहे. चाळीस वर्षं मी समजत होतो की मी घरात असणं हेच तिचं सुख, आणि यंदा तर मी तिचं होतं नव्हतं ते सुखही काढून घेतलं.

भावोजींना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. (दाराबाहेर उभी असेल तर तिला आत बोलावूनच दे.)

तुझा, तीन दिवसांत पाच वर्षांनी म्हातारा झालेला भाऊ,
दिगंबर

ता. क. : मुख्य काम राहिलंच. उन्हाळा अजून संपलेला नाही, शाळा सुरू व्हायला दहा-अकरा दिवस आहेत. तेवढ्यात मला बोलावून घे. पण मी सांगितलं असं दिसता कामा नये. राधाच्या मोबाईलवर फोन कर आणि म्हण, लोणच्याच्या कैऱ्या फोडायला माणूस नाही, दिगंबरला धाड. मी दोनदा 'नाही' म्हणेन, तिला कळलं पाहिजे ना की मी हौसेने निघालो नाही. तिसऱ्यांदा आग्रह करायला विसरू नकोस. मागे एकदा भावोजींनी माझ्या दुसऱ्या 'नाही'ला "बरं, राहिलं" म्हटलं होतं, तसं होऊ देऊ नकोस.

आणखी एक : ताई, तुझ्या घरी असा चिठ्ठ्यांचा काही कार्यक्रम झालेला नाही ना? झाला असेल तर कळवू नकोस. एका उन्हाळ्यात एकच धक्का पुरे. पाकिटावर पत्ता नेहमीप्रमाणे राधाच घालते आहे, माझं अक्षर पोस्टाला लागत नाही. आत डोकवायचं नाही असं तिला बजावलं आहे.

वन्सं, राधाचा नमस्कार. डोकावले. फोन जरूर करा, तिसऱ्यांदा आग्रहही करा, बॅग मी काढून ठेवली आहे. पण पंधरा दिवस ठेवून घेऊ नका, आठव्या दिवशी काहीतरी निमित्त काढून बसमध्ये बसवून द्या. पंधरा दिवस मी आपले मोठेपणाने लिहिले. आठ दिवस छान जातात, नवव्या दिवसापासून मला घर खायला उठतं, दर वर्षी. हे तेवढं त्यांना कळू देऊ नका. कळलं तर पुढच्या उन्हाळ्यात उंबरठा ओलांडायचे नाहीत.