ताटली आणि हाक

सोमवार
पोहोचलो एकदाचा! विश्रामगृह झकास आहे. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे लांब व्हरांडा आणि समोर पुरुषभर गवत. इथल्या काळ्या बिबट्याचा धड फोटो अजून एकाही शहाण्याला मिळालेला नाही. मिळणार कसा? तोफेएवढी लेन्स गळ्यात अडकवली की झाले हे फोटोग्राफर! मी काढून दाखवतो. शुक्रवारी बायको आणि पिल्लू, म्हणजे आमची लेक, येणार आहेत. तोवर काम फत्ते.

खानसामा मात्र नग आहे. जेवायला तोंडाने बोलवत नाही, ताटलीवर पळी आपटतो. रखवालदारही तसलाच. घराबाहेर कुणी कुणाला हाकच मारत नाही. मी काय ढोर आहे? विचारलं तर म्हणे, इथं असंच असतं. अडाणी कारभार, दुसरं काय.

मंगळवार
गवताच्या कडेला स्पीकर लावून बिबट्याच्या बछड्याचं रडणं वाजवलं. नियमात बसत नाही, पण नियम मठ्ठांसाठी असतात. वर स्वतःही लाडीगोडी लावली, ये पिल्लू, ये, घाबरू नकोस. गवत हललं. खानसाम्याचं तोंड एवढंसं झालं. भागूबाई कुठला!

गुरुवार
दिसला! भर दुपारी गवतातून बाहेर आला, अगदी समोर. पळाला नाही. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नीट सांगायचं तर ओठांकडे. माझं बोट बटणावरच गोठलं. मला, आणि भीती! लाज वाटते. एकही फोटो नाही.

शुक्रवार
दोघी आल्या. बायकोने तासाभरात ताटली-पळी हातात घेतली. तिला कुणाचंही लगेच पटतं. ताटली वाजली की पिल्लूही पळत सुटते. शेवटी दटावलं तिला, तू काय कुत्रं आहेस? ताटलीला ओ द्यायची नाही, बाबांनी हाक मारली तरच यायचं. शहाणी माझी, लगेच मान डोलावली.

शनिवार, सकाळ
स्पीकर बॅगेत आहे. मीच ठेवलाय. तरी गवतातून बछड्याचं रडणं येतंय. जसंच्या तसं. रेकॉर्डिंगमध्ये मधेच खरखर होती, तीसुद्धा.

रखवालदार थट्टा करतोय म्हणावं, तर तो माझ्यासमोर बसलाय. पांढराफटक.

दुपार
सामान भरलं. जेवून निघायचं. पिल्लू पलीकडच्या खोलीत खेळतेय, बायको स्वयंपाकघरात.

ताटली वाजतेय. जेवणाची नाही ही — थांबतच नाहीये — बायको वेड्यासारखी बडवतेय —

गवताकडून आवाज. माझा. माझाच. ये पिल्लू, ये, घाबरू नकोस.

मी तर इथे आहे. इथे लिहितोय, मग तिथे —

ओरडायला जातो, तर घशातून काही निघत —

पलीकडच्या खोलीतून ती, हसत. आले, बाबा!

दाराची कडी —