ओघळीपलीकडची बारा रोपं

४ सप्टेंबर

वरच्या तुकड्यातली गिरिपुष्पं गुडघ्याच्या वर आली. चाळीस रोपं. तिथली माती दहा वर्षांपूर्वी वीटभट्टीसाठी कोरून नेली, खाली नुसता मुरूम उरला – तिथे! हे झुडूप हवेतलं नत्र मुळांशी बांधून ठेवतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. पेपरात लिहून गुणही मिळवले. विश्वास मात्र ठेवला नव्हता, असं आज वाटतंय.

दादाची अट सरळ आहे. नोव्हेंबरअखेरपर्यंत, खताचा कणही न घालता, तुकडा हिरवा दिसला तर ठेवायचा. नाहीतर खडीवाल्याला द्यायचा. म्हणजे सुरुंग, आणि मग खड्डा. "प्राध्यापकबाई, दगडाला पाझर फुटतो का बघू," म्हणाला.

१९ सप्टेंबर

रस्त्याकडची अठ्ठावीस रोपं काळीभोर हिरवी. ओघळीपलीकडची बारा मात्र पिवळी, काडीपैलवान. बी एकच, दिवस एकच, प्रत्येक खड्ड्यात जुन्या गिरिपुष्पाखालची तीच मूठभर माती.

ती बारा रस्त्यावरून दिसत नाहीत हे बरं, असं मनात आलं. आल्याची लाज वाटली.

६ ऑक्टोबर

हिरव्यांतलं एक रोप उपटून पाहिलं. मुळं पांढरी, स्वच्छ, गाठी जवळजवळ नाहीतच. दुसरं उपटलं. तेच. गाठी नाहीत म्हणजे नत्र हवेतून येत नाही. मग हा हिरवा रंग कुठला?

मैत्रिणीला फोन केला. ती अजून वनस्पतिशास्त्र शिकवते. "खत घातलंयस तू. आयतं ताटात आलं तर झाड कशाला राबेल?"

नाही म्हटलं, अगदी शपथेवर. संध्याकाळी पुन्हा गेले. एका बुंध्याशी दगडाच्या आडोशाला पांढरे दाणे, अर्धवट विरघळलेले. युरिया.

७ ऑक्टोबर

बाबाच असणार. रोज सकाळी काठी टेकत बांधापर्यंत जातात. "तुझी पोरं बाळसं धरतायत," असं परवा म्हणाले होते. त्यांना तुकडा जायला नकोय, आणि दादापुढे ते बोलत नाहीत.

विचारलं नाही. न विचारणं सोयीचं आहे, हेही लिहून ठेवते. दादा हिरवं बघून मान डोलावेल आणि मी गप्प राहीन. मग खत कुणी का घातलं असेना, खोटं माझंच.

११ ऑक्टोबर

आज पिवळ्यांतलं एक काढलं. काढताना शेंड्याकडे लक्ष गेलं – नवी पानं हिरवी येतायत.

मुळांवर गाठीच गाठी. मुगाएवढ्या, काही मटाराएवढ्या. एक नखावर धरून ब्लेडने कापली. आत लाल. ताज्या जखमेसारखं लाल! पुस्तकात 'गुलाबी' असा शब्द होता, मीही तोच लिहिला होता. किती वेळ मुरमावर बसून होते कोण जाणे. पोटाला काही नाही, पायाखाली दगड, तर या काडीने मातीतले जिवाणू घरात घेतले, त्यांना साखर भरवली आणि त्यांच्याकडून हवा खाण्याजोगी करून घेतली. त्यासाठी रक्तासारखं काहीतरी स्वतःच तयार केलं. आणि मी हिला महिनाभर लपवत होते.

१२ ऑक्टोबर

बाबांना विचारलं.

"मी? अगं, मी ओणवा झालो तर सरळ करायला दोन माणसं लागतील." हसले. मग म्हणाले, "घातलं असतं. सुचलं नाही."

खोटं बोलत नाहीत ते. मग कोण? काही असो, दादाला सांगायला हवं. तुकडा गेला तरी.

१८ ऑक्टोबर

दादाला ओघळीपलीकडे नेलं. पायऱ्या नाहीत, घसरत उतरला. सांगितलं – अट मोडली. मी नाही घातलं, पण त्या अठ्ठावीस रोपांना युरिया मिळालाय. ती धरू नकोस. ही बारा बघ. आता अकराच.

"ही कसली? ही तर मरतुकडी."

एका रोपाच्या बुंध्याशी उकरून मुळावरची गाठ काढली, कापून त्याच्या तळहातावर ठेवली. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला. मग माझ्या हातातून ब्लेड घेऊन दुसरी कापली. तिसरी.

"हिला कुणी काहीच घातलं नाही?"

"नाही."

ब्लेड पुसून मला परत दिलं. "खडीवाला सोमवारी येतोय," एवढंच म्हणून वर चढला.

मला रडू आलं नाही. सगळा वेळ तो लाल रंगच डोळ्यांपुढे.

२१ ऑक्टोबर

खडीवाला येऊन गेला. दादाने त्याला पायरीवरच नाही म्हणून सांगितलं.

मग चपला काढता काढता, माझ्याकडे न बघता – "युरिया मी टाकत होतो. मला तुकडा द्यायचाच नव्हता. पण त्याला शब्द देऊन बसलो होतो, फिरवायला काहीतरी निमित्त हवं होतं ना."