उभा साग

आबा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलोय. काल सातपुड्यात जाऊन आलो, पालच्या अभयारण्यात, आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात भुणभुण करतेय. त्या दिवशी जळगावच्या स्टँडवर पालची बस लागली होती, तर तुम्ही एकटे चढून का गेला नाहीत? मी नव्हतो म्हणून काय झालं? दोंडाईच्यातल्या निम्म्या दारांना तुमचा हात लागलाय, पण वखारीत साग यायचा तो आडवाच. तुम्हीच म्हणायचात, "बठ्ठा जनम मरेल साग पाह्या, एकदाव जित्ता पाहू दे." त्यासाठी पहाटेची पॅसेंजर धरून आपण दोघं निघालो. तुम्ही धुतलेली टोपी घातली होती, आईनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता, आणि स्टँडवर पोचल्या पोचल्या मी "केळी घेऊन येतो" म्हणून सटकलो.

केळी राहिली बाजूला. फाटकाबाहेर एक जण किल्ली नसलेली कुलपं नुसत्या तारेनं उघडत होता, ते बघत उभा राहिलो. हे माझं नेहमीचंच. तुम्ही खिळे आणायला पाठवायचात आणि मी टायरचं पंक्चर कसं काढतात ते बघून रिकाम्या हातानं यायचो. "तुनं ध्यान कोठे शे?" हे वाक्य मी नावापेक्षा जास्त वेळा ऐकलंय. परत आलो तेव्हा तुम्ही बाकावर बसला होतात, फडकं मांडीवर, गाठ न सोडलेलं. मला बघून उठलात आणि परतीच्या गाडीकडे चालू लागलात. रात्री घरी आईनं विचारलं, तर तुम्ही सांगितलं, "बस उनीच नही." मला हायसं वाटलं. त्यानंतर परत जायचं निघालंच नाही, आणि दोन पावसाळ्यांनी तुम्हीच गेलात.

काल गेलो तेही सरळ गेलो नाहीच. सावद्याला उतरून केळीचे घड ट्रकात कसे रचतात ते बघत बसलो, मधली बस गेली, आणि जंगलाच्या नाक्यावर पोचलो तेव्हा चार वाजले होते. तिथला गार्ड शिरपूरकडचा, बोली आपलीच. म्हणाला, पाचला फाटक बंद, जुनं जंगल आत लांब आहे, एवढ्यात काय बघणार? मी गयावया केली तेव्हा हातातली काठी आपटत निघाला पुढे. आबा, काय झाडं ती! पहिली फांदी फुटायलाच तीन मजले. वर बघता बघता मान अवघडली. पण साग कुठला ते मला कळेना. फळी असती तर डोळे मिटून वासावर सांगितलं असतं. मग तुम्ही शिकवलेलं एकच काम आठवलं, बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं. "लाकूड बोलस, कान दे." एकेका खोडावर ठोकत चाललो. सगळी मुकी. ओलं लाकूड बोलत नाही, हे तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?

गार्ड थांबून बघत होता. "काय ठोकी राहिना भाऊ? खोडना मझार कोन शे? कोन दार उघडी?"

मी म्हटलं, साग शोधतोय. वडील सुतार होते माझे.

तो हसत हसत खालीच बसला. "जेले टेकी उभा शे तोच साग शे! सुतारना आंडोर म्हनस, आनि साग वळखस नही!"

मग त्यानं बुंध्याशी फुटलेलं एक कोवळं पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि चोळायला लावलं. तळवा लालभडक झाला. मेंदीसारखा नाही, ठेच लागल्यासारखा. सागाच्या कोवळ्या पानात असा लाल रंग असतो म्हणे, इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आणि चाळीस वर्षं सागाच्या भुशात नाकातोंडापर्यंत बुडालेले तुम्ही, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला इतका राग आला की पान तिथंच टाकून मी फाटकाकडे चालू लागलो. गार्ड मागून ओरडला, "आरे, मोठा झाडे त आजून पुढे शेतस!" मी वळलो नाही. परतीच्या बसमध्ये शेजारच्या अक्कांनी विचारलं, "काय रे भाऊ, लागलं का?" मी मूठ मिटून घेतली.

तो हात दाखवायचा कुणाला, आबा? ज्याला दाखवायचा तो स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला. तुम्ही बसमध्ये का चढला नाहीत, हे विचारायचं म्हणून कागद घेतला, आणि आता लिहिता लिहिता कळतंय की प्रश्न भलत्यालाच विचारतोय. घरी तर तुम्ही बस आलीच नाही म्हणून सांगितलं होतं. मग ती लागली होती हे मला कसं माहीत? मी पाहिली होती. कुलूपवाल्याच्या खांद्यावरून पाटी वाचली, कंडक्टर दोनदा "पाल, पाल" ओरडला तेही ऐकलं. तुम्ही उठून फाटकाकडे बघत होतात तेसुद्धा. मी कुलूपवाल्याच्या आडोशाला खाली बसलो. अख्खा दिवस तुमच्यासोबत एकट्यानं काढायचा, या लाकडाचं नाव सांग, त्याचं सांग, ध्यान कोठे शे, हे नको वाटलं होतं मला.

तुम्हाला मी दिसलो होतो का, तेवढं विचारायचं राहिलं.